श्राद्धाचा चिवडा

बाई मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहिलं, तर ते नाइलाजानं लिहिलंय एवढं वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करते, लिहितानाही तेच करणार आहे. मनात काय म्हणते ते माझं मला ठाऊक.

पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे मी मशीन डिझाइन शिकवते. माझ्या नोट्स कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे बारा महिने खपतात. फळ्यावरची आकृती पुसायला मी डस्टर उचललं, की मुलं "थांबा मॅडम, फोटो काढू द्या" म्हणून ओरडतात. आणि एवढं असूनही, पास होऊन गेलेलं कुणी भेटायला आलं की स्टाफरूमच्या दारातून डोकावून एकच विचारतं, "बाई आहेत का?" मी तिथेच दाराशी बसलेली असते. मला वाकून नमस्कार करतात, तब्येत विचारतात, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे काहीतरी शोधत असते. बाई निवृत्त झाल्यात हे सांगितलं की पत्ता मागतात. आम्ही बाकीच्या सगळ्या मॅडम. बाई तेवढ्या एकच.

दिसायला म्हणाल तर विशेष काही नाही. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. ती तार दर महिन्याला नव्या पद्धतीनं बांधलेली असायची. नवा चष्मा का घेत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अजून जमलं नाहीये मला हे." खांद्याला मेणकापडाची पिशवी आणि तिच्यात लोकांच्या मोडक्या वस्तू. कुणाची छत्री मोडली, कुणाच्या डब्याची कडी निघाली, की बाईंचा हात पुढे. "टाकू नका, मला द्या." वाटेल, दुरुस्त करून परत देत असतील. छे! दुसऱ्या दिवशी येऊन मालकालाच सुनवायच्या, "तुमची छत्री वाऱ्यानं नाही गेली. तुम्ही ती ओली गुंडाळून ठेवता, काडीचा सांधा गंजला, त्यानं गेली." छत्री गेली ती गेलीच. वर पुन्हा दोष आपला. आणि लोक यावर खूश व्हायचे, हे मला कधी कळलंच नाही.

दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्टचा विषय त्यांच्याकडे होता. त्यांच्या आधी तो मी शिकवायचे, हेही सांगितलं पाहिजे. मी मुलांना विषयांची यादी द्यायचे, आकृती कशी हवी, अहवाल कसा हवा, सगळं आखून द्यायचे. सगळ्यांची कामं वेळेत आणि नीटनेटकी. वर्कशॉपच्या भिंतीवर मी एक तक्ता लावला होता, डिझाइनच्या पायऱ्यांचा. गरज ओळखा, माहिती काढा, कल्पना सुचवा, एक निवडा, नमुना करा, तपासा, सुधारा. चौकटी, बाण, तीन रंग. बाई रुजू झाल्या त्या दिवशी तो तक्ता त्यांनी बराच वेळ वाचला. मग म्हणाल्या, "छान आहे हो मॅडम. पण यात रडायचं कुठे?"

मला वाटलं गंमत करताहेत. वर्ष संपेपर्यंत कुणीतरी 'तपासा' आणि 'सुधारा' यांच्यामध्ये पेनानं एक वेडीवाकडी चौकट काढून तिच्यात 'इथे रडणे' असं लिहून ठेवलं होतं. मी ती खोडरबरानं घासली, शाई गेली नाही.

बाई विषय द्यायच्याच नाहीत. पहिल्याच आठवड्यात सगळा वर्ग एसटीत घालून कोळवणला नाहीतर माले गावात न्यायच्या, स्टॉपवर उतरवायच्या आणि सांगायच्या, "परतीच्या गाडीपर्यंत प्रत्येक गटानं एक कटकट घेऊन या. दुसऱ्याची. स्वतःच्या कटकटी घरी ठेवा." मुलं भांबावून बघत राहायची. "बाई, म्हणजे नेमकं करायचं काय?" यावर बाई पारावर बसून शेंगा सोलायला लागायच्या. फारच कुणी मागे लागलं तर, "मला काय विचारता? मी काय इथं राहते?" पालकांचे फोन यायचे. एकानं तर विचारलं, आमच्या मुलाच्या प्रोजेक्टचं उत्तर कुठल्या पुस्तकात मिळेल? बाई म्हणाल्या, "मिळालं तर मलाही दाखवा."

पण खरा तमाशा पुढे. कटकट सापडली, विचार झाला, की प्रत्येक गटानं घरात असेल त्या सामानातून वस्तूचा पहिला नमुना करून आणायचा. पुठ्ठा, सुतळी, बांबू, जुन्या बादल्या. मुलं जीव ओतून करून आणायची. आणि बाई त्यावर बसायच्या. हो, बसायच्या. साडी सावरून, वर्गासमोर, सगळं वजन टाकून. वस्तू बसण्यासाठी असो वा नसो. कटकन आवाज यायचा आणि पोरांची मेहनत जमिनीवर. मुली रडायच्या, मुलं रडत नसल्यासारखं करायची. मग बाई खाली वाकून तुकडे गोळा करत विचारायच्या, "कशानं गेलं?"

एवढंच. "का चुकलं" नाही, "कुणाची चूक" नाही. कशानं गेलं. मुलं आधी काहीबाही बोलायची, मग हळूहळू तुकडे हातात घेऊन बघायला लागायची, आणि अर्ध्या तासात ज्याच्या डोळ्यांत पाणी होतं तोच सगळ्यांत मोठ्यानं बोलत असायचा. सगळं बोलून झालं की बाई पिशवीतून स्टीलचा डबा काढायच्या. पातळ पोह्यांचा, लसूण घातलेला, घरी केलेला चिवडा. गेलेल्या वस्तूच्या नावानं तो खायचा. मुलांनी त्याला नाव दिलं श्राद्ध. हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. कॉलेजात श्राद्धं घालता म्हणून त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी निमूटपणे वेळापत्रकात बदल केला: 'डिझाइन रिव्ह्यू, अल्पोपहारासह'. प्राचार्यांनी सही केली.

चिवड्याचा नियम कडक होता. ज्याचं काही मोडलंय त्यालाच मिळणार. प्राचार्यांनी एकदा डब्याकडे हात नेला तर बाईंनी झाकण लावलं. "तुमचं काय मोडलंय, सर?" दुसऱ्या दिवशी ते घरून नेलकटर घेऊन आले, स्प्रिंग तुटलेलं, आणि कशानं गेलं ते सांगून मूठभर चिवडा खाऊन गेले. मग सगळ्या स्टाफलाच खूळ लागलं. कुणी इस्त्रीची वायर आणायचं, कुणी सायकलचं कुलूप. माझा वर्ग वर्कशॉपला लागूनच. बेअरिंगचं आयुष्य फळ्यावर काढत असताना भिंतीपलीकडून लसणाचा वास यायचा आणि हसण्याचा आवाज. मला तो चिवडा कधीही मिळाला नाही. माझ्या वस्तू मोडत नाहीत. मी जपून वापरते.

इथवर मी सहन केलं. मग माझी मुलगी, सई, आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आली.

सई माझ्या हाताखाली वाढलेली. शाळेचे प्रकल्प आम्ही दोघींनी मिळून केले, म्हणजे मी केले आणि तिनं रंगवले. घरी आली की आधी माझ्यापाशी येऊन दिवसभराचं सगळं सांगायची. बाईंचा विषय सुरू झाला आणि महिनाभरात पोरगी पालटली. कुकरची शिटी अडकली, मी नवी आणते म्हटलं, तर म्हणते, "थांब आई, आधी बघू तरी कशानं गेली." माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. ती कॉलेजातून उशिरा यायला लागली. घरी आली की गप्प. सांगण्यासारखं जे काही असायचं ते वर्कशॉपमध्ये सांगून झालेलं असायचं.

सईच्या गटाला कोळवणच्या एका मावशींची कटकट मिळाली होती. भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालली होती. रोपांच्या जुड्या डोक्यावरून एका खाचरातून दुसऱ्या खाचरात न्यायच्या, तर चिखलाचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं. "दिसभर पाट भिजलेली ऱ्हाती. जीव नकोसा व्हतो बग," असं मावशी म्हणाल्या होत्या. सईच्या गटात चौघी मुली होत्या, त्यांतली एक पौडच्या हार्डवेअरवाल्या मुलाणींची रुबिना. चौघींनी ठरवलं, चिखलावरून दोरीनं ओढत नेता येईल अशी पसरट पाटी करायची. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवून, वर प्लास्टिक गुंडाळून सईनं पहिला नमुना केला. रविवारी तो आमच्या हॉलमध्ये वाळत ठेवून ती रुबिनाकडे गेली.

मी तो नमुना पाहिला. पहिल्याच बसण्यात जाणार होता तो. बाई त्यावर बसणार, माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी येणार, आणि ते पुसणार कोण, तर त्याच. मला बघवेना. थोडा आधार द्यावा म्हणून मी खालून एक पट्टी लावली. मग कडेला लोखंडी अँगल. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या केल्या तेव्हाचं प्लाय उरलं होतं, ते तळाला. बाईंचं वजन मी डोळ्यांनी अंदाजलं, त्याच्या तिप्पट धरलं आणि रीतसर हिशेब करून बोल्ट बसवले. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा कुठे दिसतही नव्हता. काम मात्र बघत राहावं असं झालं होतं.

सई आली आणि दारातच थांबली. "आई, हे काय?"

"आता बसू देत तुझ्या बाईंना," मी म्हटलं.

दुसरा नमुना करायला वेळ नव्हता. तिनं तोच नेला, उचलायला रुबिनाला बोलवावं लागलं. माझा तो तास मोकळा होता. मी वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाई पाटीवर बसल्या. काही झालं नाही. जरा उसळून बसल्या. काही नाही. मग उठून दोन्ही पायांनी वर उभ्या राहिल्या. वर्ग हसायला लागला. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. बाई खाली उतरल्या, पाटी उलटी करून बोल्ट पाहिले आणि सरळ दाराकडे बघून म्हणाल्या, "फार सुंदर काम आहे, मॅडम." मग सईला हळूच विचारलं, "यात तुझं काय आहे?"

सईनं मान खाली घातली. "दोरी."

"मग उद्याच कोळवणला नेऊ. आवणी संपायच्या आत."

मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. बांधावर चपला सांभाळत उभी राहिले. मुलींनी पाटी खाचरात ठेवली, वर जुड्या रचल्या आणि दोरी ओढली. पाटी जी चिखलात बसली ती बसलीच. चौघी मिळून ओढायला लागल्या. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "लई मजबूत हाय गं पोरींनो," त्या म्हणाल्या, "पर ही आता हितनं न्हाई उटायची." तेवढ्यात सईची दोरी तुटली आणि चौघी एकमेकींच्या अंगावर चिखलात पडल्या.

मी "सई!" म्हणून ओरडले. सई चिखलातून उठली, तिच्या हातात दोरीचं टोक होतं, आणि ती हसत होती. "बाई, दोरी गेली!"

"कशानं गेली?" बाई बांधावरूनच ओरडल्या.

तिथेच बसून श्राद्ध झालं. पाटी जड, म्हणून चिखलात रुतते, रुतली म्हणून सगळी ओढ दोरीवर, दोरी गाठीपाशी गेली. सईनं एका दमात सांगितलं. मला नोट्समध्ये लिहायला दोन पानं लागली असती. डबा उघडला. चौघींना चिवडा मिळाला, मावशींना मिळाला, कारण त्यांच्या विळ्याची मूठ सकाळीच निसटली होती. मी बांधावर उभी. माझं काही मोडलं नव्हतं. माझी पाटी खाचराच्या मध्यावर जशीच्या तशी होती, आणि मावशी चिवडा घेऊन तिच्यावरच बसल्या होत्या. "बसाया झ्याक हाय," म्हणाल्या.

पुढे त्या मुलींनी आणखी पाट्या केल्या. सगळ्या मोडल्या. शेवटी रुबिनाच्या वडिलांच्या दुकानातलं जुनं निळं पिंप उभं कापून त्याच्या अर्ध्यातून जे केलं ते चिखलावर चाललं, तेही हंगामाच्या अखेरीला तडकलं आणि पुढच्या बॅचच्या वाट्याला गेलं. माझी पाटी बाईंनी मागून घेतली. "मला ही मोडता आली नाही," असं प्रत्येक नव्या वर्गाला सांगायच्या आणि तिच्यावर बसून शिकवायच्या. ही स्तुती होती की काय होतं, यावर मी बरीच वर्षं विचार केलाय.

सई आता बंगळूरला असते. एक छोटी कंपनी आहे, खडबडीत रस्त्यांवर चालतील अशा चाकाच्या खुर्च्या बनवते. दर रविवारी तिचा मला फोन येतो. पगार वाढला, बक्षीस मिळालं, साहेबांनी कौतुक केलं, सगळं मला पहिल्यांदा सांगते. मी शेजाऱ्यांना सांगते. मग कधीतरी बाईंकडे गेलं की बोलता बोलता त्या म्हणतात, "मागच्या महिन्यात केवढी रडली हो सई, ते ब्रेकचं बिनसलं तेव्हा." मला ब्रेकचं काही माहीत नसतं. मी "हो ना" म्हणते. यश मिळालं की पोरगी मला फोन करते आणि मोडलं की बाईंना. माझ्यापाशी ती मोडकं काही आणतच नाही. याच्याइतकं मला आयुष्यात दुसरं काही खुपलेलं नाही.

तरी मी त्यांच्याकडे जाते. का जाते ते विचारू नका. निवृत्तीनंतर बाई कोळवणलाच भाड्यानं राहायला गेल्या. दोन बाजूंना पुण्याच्या लोकांची फार्महाउसं, मध्ये यांची पत्र्याची पडवी आणि पडवीभर मोडक्या वस्तू. गेल्या महिन्यात अशीच एका दुपारी गेले होते. बसायला त्यांनी नेहमीप्रमाणे माझी पाटी पुढे सरकवली. स्वतः खाली फतकल मारून बसल्या होत्या आणि समोर वर्तमानपत्रावर त्यांचा मोबाइल सुटा करून ठेवला होता. स्क्रू एका झाकणात, पडदा एकीकडे, बॅटरी एकीकडे.

"बंद पडला का?" मी विचारलं.

"नाही हो, चालू होता. पण आवाज जरा घोगरा यायला लागला होता."

एवढ्यात माझा फोन वाजला. सई. रविवार नव्हता.

"आई, तू आज बाईंकडे जाणार होतीस ना? त्यांचा फोन लागत नाहीये गं, कधीची लावतेय. दे ना त्यांना."

तिचा आवाज मला कळला. लहानपणी शाळेतून पडून आली की असा आवाज असायचा. बाईंनी मान वर केली. "कोण?"

"बँकेचा फोन," मी म्हटलं. "कर्ज घ्या म्हणताहेत." आणि उठून अंगणाच्या कोपऱ्यात, पेरूखाली गेले.

"बाई कामात आहेत," मी फोनवर म्हटलं. "काय झालं?"

"काही नाही गं. तू नको टेन्शन घेऊस. मी करते त्यांना नंतर."

आता ती फोन ठेवणार होती. मला दुसरं काही सुचलं नाही. त्या बाईचेच शब्द तोंडात आले, दुसरे माझ्याकडे नव्हतेच.

"सई, कशानं गेलं?"

तिनं नाक ओढलं आणि बोलायला लागली. नवी खुर्ची दाखवायला ठेवली होती, बाहेरगावचे लोक आले होते. त्यांच्यातले एक साहेब स्वतःच बसून बघतो म्हणाले. पुढच्या चाकाचा दांडा मोडला आणि साहेब सगळ्यांसमोर खाली. लागलं नाही, पण लोक उठून गेले. ती दांड्याबद्दल बोलत होती आणि दोन वाक्यांतच मला कळलं काय झालंय. उत्तर जिभेवर आलं होतं. आकृतीसकट आलं होतं. मी पेरूची एक फांदी घट्ट धरून ठेवली आणि गप्प बसले.

"मग?" मी म्हटलं. "कुठं मोडला?"

"वेल्डिंगच्या जरा बाजूला. वेल्डिंगपाशी तर मी जाड पट्टी मारली होती, मागच्या वेळी तिथं चीर गेली म्हणून." ती थांबली. "आई, थांब हं. म्हणजे मी तिथं एवढं मजबूत केलं म्हणून सगळा ताण शेजारी गेला का?"

मी फांदी आणखी घट्ट धरली.

"दोरीसारखं!" ती म्हणाली आणि रडता रडता हसली. "तुझी पाटी आणि माझी दोरी!"

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती. कोण काय म्हणालं, ती बाथरूममध्ये जाऊन कशी रडली, उद्या काय करून बघणार आहे. शेवटी म्हणाली, "बरं, बाईंना सांग मी फोन केला होता म्हणून." मग जरा थांबून, "नाहीतर राहू दे. आता काही काम नाहीये."

मी पडवीत परत आले. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि पेरूपासून पडवी काही फार लांब नाही. बाई खाली मान घालून एक बारीकसा स्क्रू फिरवत होत्या. बँक काय म्हणाली ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या पाटीवर एक वाटी ठेवलेली होती, शीग भरून चिवडा.

"घ्या," मान वर न करता त्या म्हणाल्या.

मी वाटी उचलली, पाटीवर बसले आणि सगळा चिवडा खाल्ला. मीठ जरा कमी होतं. तसं मी त्यांना सांगितलंसुद्धा.